‘अपात्र’ या शब्दाचा अर्थ

“आमचं परकरण अपात्र झालं जी, आता काई भेटत नाई.” वणीच्या तहसील कचेरीच्या आवारात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, बोलणारीचा चेहरा वेगळा असला तरी त्यामागची हताशा मला आता ओळखीची झाली आहे. ज्या घरातील शेतकऱ्याने आत्महत्या केली त्या घरातील स्त्री असे म्हणते तेव्हा तिला दोष देणे माणुसकीला धरून होणार नाही. परंतु तिच्यासोबत आलेले, चार बुके शिकलेले गावचे गृहस्थ जेव्हा मान डोलावून तिच्या म्हणण्याला दुजोरा देतात आणि तिला परतीच्या एस.टी.त बसवून देतात, तेव्हा मात्र संताप आवरत नाही. वाक्याचा पूर्वार्ध खरा असतो. उत्तरार्ध सर्वस्वी खोटा असतो, आणि त्या खोट्यापायी एखाद्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची हक्काची मदत बुडते.

मुळात अपात्र काय ठरते, हे समजून घेतले पाहिजे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना राज्य शासन एक लाख रुपये देते. त्यांपैकी 30 हजार रुपये हाती पडतात आणि 70 हजार वारसाच्या नावे ठेव म्हणून ठेवले जातात. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाने या मदतीचे निकष घालून दिले: नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जफेडीचा तगादा. हे कर्जही राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी बँकेचे वा संस्थेचे, अथवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. तहसीलदाराच्या चौकशीचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो आणि ती समिती प्रकरण पात्र, अपात्र किंवा फेरचौकशीस योग्य ठरविते.

आता या निकषांपुढे आपल्या तालुक्यातील वास्तव ठेवून पाहावे. ज्याने दुसऱ्याची जमीन मक्त्याने वाहिली, त्याच्या कष्टांची दप्तरात बहुधा नोंदच नसते. ज्याने बी-बियाण्यासाठी गावातल्याच एखाद्या विनापरवाना सावकारापुढे हात पसरला, त्याच्या कर्जाचा कागद नसतो, आणि असलाच तर तो सावकाराच्या पेटीत असतो. माणूस कर्जाने गांजलेला होता हे सबंध गावाला ठाऊक असूनही समितीपुढे ते सिद्ध होत नाही. हे निकष अपुरे आहेत आणि जवळजवळ दोन दशके त्याच आकड्यावर थबकलेली रक्कमही अपुरी आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु निकष कितीही सदोष असले तरी समितीने निकाल दिलेला असतो तो केवळ त्या एका योजनेच्या अटींपुरता. त्या घराला मदतीची गरज आहे की नाही, हा प्रश्न समितीपुढे आलेलाच नसतो. तरीही ‘अपात्र’ हा शब्द प्रकरणाच्या कागदावरून उतरून विधवेच्या कपाळी येऊन बसतो, आणि मग ती रेशनकार्डाच्या दुरुस्तीसाठीसुद्धा कचेरीची पायरी चढायला कचरते.

पण मदतीची दुसरी दारे उघडीच असतात. पहिले दार त्याच तहसील कचेरीत आहे: तेथे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेची दरखास्त स्वीकारली जाते. दारिद्र्यरेषेखालील यादीत असलेल्या कुटुंबातील 18 ते 59 वर्षे वयाची कर्ती व्यक्ती मरण पावल्यास केंद्र शासनाच्या या योजनेतून 20 हजार रुपये एकरकमी मिळतात. 1995 साली सुरू झालेल्या या योजनेच्या अटींत कर्जाचा किंवा सातबाऱ्याचा उल्लेख कोठेही नाही. शिवाय ‘कर्ता’ म्हणजे पुरुषच, असे जे सर्रास गृहीत धरले जाते तेही निराधार आहे. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत घर सांभाळणारी गृहिणीसुद्धा या लाभापुरती कर्ती व्यक्ती मानावी, असे स्पष्ट म्हटले आहे. पहाटे उठून स्वयंपाक आटोपून कापूस वेचायला जाणारी आणि संध्याकाळी सरपणाची मोळी घेऊन परतणारी स्त्री मरण पावली, तर ‘कमावता तर जिवंत आहे’ म्हणून तिच्या घराला माघारी धाडणाऱ्यांनी हे वाक्य मुद्दाम वाचावे.

दुसरे दार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे. 1980 पासून चालत आलेल्या या योजनेत 65 वर्षांखालील विधवेला जुलै 2023 पासून दरमहा 1,500 रुपये मिळतात. पती कोणत्या कारणाने गेला आणि त्याचे प्रकरण समितीने कसे निकाली काढले, याचा या अनुदानाशी काडीइतकाही संबंध नाही. अडचण आहे ती उत्पन्नाच्या मर्यादेची: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असावे लागते, म्हणजे दिवसाला 58 रुपयांहूनही कमी. ही मर्यादा आजच्या मजुरीच्या दरांशी कशी जुळते, ते ठरविणाऱ्यांनाच ठाऊक. ती वाढविली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि ती आडवी येईल या भयाने अर्जच न करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरे दार मुलांसाठी आहे आणि सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. बालसंगोपन योजना केवळ आईबाप दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी आहे, असा समज गावोगाव रूढ आहे. प्रत्यक्षात एक पालक गमावलेल्या मुलालाही तिचा लाभ घेता येतो आणि 2023 पासून प्रत्येक मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. अनाथपणाची एवढी कडक व्याख्या शासनाने केलेली नसताना आपण ती का करावी? मात्र हा मंजुरीचा हुकूम तहसीलदार देत नाही. तो बालकल्याण समितीकडून येतो आणि त्यासाठीचे महिला व बालविकास कार्यालय यवतमाळला आहे. 1905 पर्यंत या सबंध जिल्ह्याला वणीचेच नाव होते खरे, पण मुख्य कचेरी तेव्हाही यवतमाळलाच होती, आणि वणीहून शंभराहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास मजुरीचा दिवस बुडवून दोन-तीनदा करणे एकट्या स्त्रीला किती जड जाते, हे त्या व्याख्या सांगणाऱ्या गृहस्थांनी ध्यानात घ्यावे. मान डोलावण्याऐवजी त्यांनी तिच्याबरोबर एक फेरी केली तरी पुष्कळ होईल.

इतर गैरसमजांना एवढा विस्तार नको. ‘निराधार’ म्हणजे ज्याला कोणीच नाही तो, असे नव्हे. कैदेत असलेल्याची पत्नी, घटस्फोटित स्त्री आणि सिकलसेलचा रुग्णही निराधार अनुदान योजनेत बसतो. निराधार अनुदान आणि लाडकी बहीण या दोहोंचे पूर्ण 1,500 रुपये एकाच स्त्रीला मिळतात, हे खरे नाही. सर्पदंश वा वीज पडून होणाऱ्या मृत्यूबद्दल शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणारे दोन लाखांचे अपघाती साहाय्य सातबाऱ्यावर नाव असलेल्यापुरतेच आहे, हेही खरे नाही. कुटुंबातील आणखी एका सदस्याला ते लागू होते, मात्र आत्महत्या त्यात धरली जात नाही. कोलाम या आदिम जमातीच्या कुटुंबाला अंत्योदय शिधापत्रिकेसाठी आपले दारिद्र्य वेगळे सिद्ध करावे लागते, हा समजही चुकीचा: सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच आदिम जमातींना ती शिधापत्रिका देण्याचा आदेश दिला, आणि त्या पत्रिकेवर महिना 35 किलो धान्य मिळते. दलालावाचून अर्ज पुढे सरकत नाही असे जे म्हणतात, त्यांनी अर्ज स्वतः दाखल करून त्याची पोच मागून पाहावी.

राहिला सातबारा. पती गेल्यावर त्याच्या हिश्शाची जमीन सासऱ्याची किंवा दिराची होते, असे विधवेला सांगणारे नातलग या तालुक्यात कमी नाहीत. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मृत्यूचा दाखला हाती येताच तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा, कारण पुढच्या हंगामाचे पीककर्ज ज्याच्या नावे सातबारा असेल त्यालाच मिळते.