जासईहून एमबीबीएसपर्यंत: कनिष्ठ महाविद्यालयाचा वाटा

प्रारंभाचा टप्पा

उरण तालुक्यातील जासई हे गाव पनवेल आणि न्हावा-शेवा बंदर यांच्या दरम्यान आहे.  इथून डॉक्टर होण्याची वाट अमेरिकेतल्यापेक्षा वेगळी आहे. तिथे अनेक विद्यार्थी गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढून विद्यापीठात जातात, पदवी पूर्ण करतात आणि त्यानंतर वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज करतात. भारतात अशी पदवी वाटेत येत नाही. जासईच्या विद्यार्थ्यासाठी वैद्यकीय शिक्षणापूर्वीचा टप्पा म्हणजे अकरावी-बारावी विज्ञान. २०२५-२६ पासून त्या प्रवेशाची केंद्रीय ऑनलाइन पद्धत राज्यभर लागू झाली.

पात्रता आणि क्रमांक

कनिष्ठ महाविद्यालय पात्रता देते, क्रमांक देत नाही; सारा गोंधळ इथून सुरू होतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण पुरतात. त्यापुढे बारावीत कितीही गुण मिळाले, तरी एमबीबीएसची गुणवत्ता यादी ठरते ती ‘नीट’ या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेवर. २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण होते, त्यांपैकी ९० प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक वजा होतो. महाविद्यालय शहरातले की खेड्यातले, याचा या हिशेबात कुठेच संबंध येत नाही.

दोन अभ्यासक्रमांमधील फट

वर्गात राज्य मंडळाचे पुस्तक शिकवले जाते, तर नीटची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून होते. दोन्हींतला बराच आशय समान असला, तरी मांडणी व खोली वेगळी असते. ही फट खासगी क्लास भरून काढतात, आणि खर्चही तिथेच वाढतो. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अर्थाबाबत शंका आल्यास मात्र इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना अकरावीत इंग्रजी परिभाषा नव्याने आत्मसात करावी लागते, ती त्यामुळेही टाळता येत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ क्लासच्या नादात प्रयोगशाळा नावापुरती उरते, हे तोट्याचे आहे. बारावीला विज्ञानाच्या प्रत्येक विषयात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. शिवाय नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक कौशल्ये हा स्वतंत्र घटक आहे. व्हर्नियर कॅलिपरची शून्य त्रुटी वजा करायची की मिळवायची, हे ज्याने जबडे मिटवून स्वतः वाचन घेतले त्याला पाठ करावे लागत नाही.

जवळचे महाविद्यालय, दूरची जागा

जासईपासून कामोठे व नेरूळ सहज गाठता येतात. पण कामोठ्याचे एमजीएम आणि नेरूळचे डी. वाय. पाटील ही वैद्यकीय महाविद्यालये अभिमत विद्यापीठांची आहेत. त्यांचे प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून होतात आणि शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. रायगडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलिबागला आहे. तिथे जिल्ह्यातील मुलांना प्राधान्य मिळेल, अशी समजूत फसवी आहे. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या यादीतून भरतात. राज्यातला ७०:३० हा विभागवार कोटाही २०२० मध्ये रद्द झाला.

कागदपत्रे आणि शुल्क

ओबीसी जागेसाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेअर ही तिन्ही लागतात. वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत केलेला बरा. निकालानंतर धावपळ सुरू केली तर प्रवेशफेरी थांबत नाही. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अभिमत विद्यापीठे तिच्या बाहेर आहेत.

वळसा घेण्याची सोय

बी.एस्सी. करून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत नाही. पदवीधरालाही नीट देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांना नोव्हेंबर २०२३ पासून तो विषय नंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण होऊन पात्र ठरता येते. नीटची कमाल वयोमर्यादाही २०२२ मध्ये हटली.