पांडुरंग सांगवीकरच्या ‘वगैरे’चं काय करायचं?

‘कोसला’वर बोधात्मक भाषाविज्ञानाच्या, म्हणजे कॉग्निटिव्ह लिंग्विस्टिक्सच्या अंगानं काम करायचं ठरलं, तेव्हा माझा पहिला आराखडा शीर्षकावरच उभा होता. मी प्राणिशास्त्राचा एमएस्सी, त्यामुळे मोह आवरला नाही. कोसला म्हणजे कोश. अळी स्वतःच्याच धाग्यानं स्वतःला कोंडून घेते, पांडुरंगही तसाच. बारा पानं लिहिली. सरांनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहून परत दिली : ‘हे कादंबरीत आहे की तुझ्या डोक्यात?’

पांडुरंग एकाकी आहे हे मी आधीच धरून चाललो होतो. मग एकाकीपणाचं रूपक शोधलं, आणि त्याच रूपकावरून तो एकाकी असल्याचं ‘सिद्ध’ केलं. लेकॉफ आणि जॉन्सन यांचं १९८० चं पुस्तक नवीन वाचलेलं असलं की असं होतं, जिकडेतिकडे रूपकंच दिसतात.

मग साध्या शब्दांकडे वळलो. १९६३ च्या या कादंबरीतले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ सगळ्यांना आठवतात. आपण त्यांना लकब म्हणतो आणि पुढं जातो. पण हे दोन्ही शब्द वर्ग तयार करतात. ‘उदाहरणार्थ’ म्हणजे हा एक नमुना. ‘वगैरे’ म्हणजे असेच आणखी आहेत, तुम्ही समजून घ्या.

वर्ग मनात कसे बनतात यावर १९७० च्या दशकात एलिनॉर रॉश यांनी काम केलं. पक्षी म्हटलं की आधी चिमणी आठवते, शहामृग नाही. लॉरेन्स बार्सलू यांनी १९८३ मध्ये वेळेपुरत्या बनणाऱ्या वर्गांबद्दल लिहिलं. जायकवाडीतून पाणी सोडलं की आमच्या शहागडला गोदाकाठच्या घरातून आधी काय काढायचं? लेकरं, शेरडं, सातबारा, गॅसची टाकी वगैरे. एरवी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुराच्या भीतीनं ते एका वर्गात आले. आणि ‘वगैरे’ म्हणताना मी धरून चालतो की ऐकणाऱ्यालाही ती भीती माहीत आहे.

आता पांडुरंगकडे बघा. कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात तो स्वतःचं वय सांगताना ‘उदाहरणार्थ’ म्हणतो. वय हे कशाचं उदाहरण असतं? आपण एकटेच आहोत असं तो म्हणत नाही. उलट स्वतःला कुठल्याशा वर्गातला एक नमुना करून टाकतो. माझ्या बारा पानांच्या हे बरोब्बर उलट होतं! आणि त्याचं ‘वगैरे’ बऱ्याचदा अशा ठिकाणी येतं जिथं पुढचं काय ते आपल्याला सांगता येत नाही. वर्ग उघडा राहतो, पण त्याचं नाव कळत नाही.

याचे दोन अर्थ लागतात. एक, तयार वर्गांची तो टिंगल करतोय. दुसरा, जे दुखतं त्याला नमुना करून तो लांब ठेवतोय. कुठला खरा, हे आवडीनं ठरवायचं नाही. त्याची बहीण मनी जाते त्या पानांवर हे शब्द वाढतात, कमी होतात, की वेगळ्याच नामांना चिकटतात? दुसरा अर्थ बरोबर असेल तर तिथं काहीतरी बदलायला पाहिजे. बदललं नाही तर माझं गृहीतक गेलं.

आणखी एक अडचण आहे. ही लकब पांडुरंगची की नेमाड्यांची? रॉजर फाउलर यांनी १९७७ मध्ये पात्राच्या मनाची घडण दाखवणाऱ्या भाषेसाठी ‘माइंड स्टाइल’ ही संज्ञा आणली. पण ती वापरायची तर तुलना लागते. म्हणून ‘बिढार’ही (१९७५) तसंच मोजायचं. चांगदेव पाटीलच्या कथेतही हे शब्द तेवढेच आणि तशाच जागी आले, तर ती पांडुरंगची मनोघडण म्हणता येणार नाही.

सध्या प्रत्येक ‘वगैरे’ वहीत उतरवतोय. रकाने तीनच : आधीचं नाम कुठलं, वर्गाला नाव देता येतं का, आणि बोलतंय कोण. तिसरा रकाना मी आधी ठेवलाच नव्हता, त्यामुळे साठेक पानं पुन्हा वाचावी लागली.