भाड्याचे घर : हक्क दोघांचे, कर्तव्येही दोघांची

नोकरी, शिक्षण वा व्यवसायाच्या निमित्ताने शहरात आलेल्या कुटुंबाचा संसार बहुधा भाड्याच्या घरातच सुरू होतो. घर अचानक सोडावे लागेल काय, ही धास्ती भाडेकरूला असते; तर आयुष्याची पुंजी घालून बांधलेली वास्तू परत मिळेल ना, ही चिंता घरमालकाला असते. दोघांच्याही मनातील ही भीती दूर व्हावी, या दृष्टीने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा महत्त्वाचा आहे.

तीन कायद्यांऐवजी एक

पूर्वी मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई अधिनियम, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा कायदा आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा लागू होता. एकाच राज्यात प्रदेशपरत्वे भाडेकरूचे हक्क निराळे होते. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमाने ही विसंगती संपुष्टात आणली.

कागदाचे महत्त्व

भाड्याचा किंवा अनुज्ञप्तीचा, म्हणजेच ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी असला पाहिजे व तो नोंदविला पाहिजे, असे कलम ५५ सांगते. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदविलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कसूर करणारा घरमालक तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांस पात्र ठरतो. मिळालेल्या भाड्याची पावती देणेही त्याच्यावर बंधनकारक आहे.

भाडेकरू आणि अनुज्ञप्तीधारक यांच्या हक्कांत मात्र मोठा फरक आहे. निवासी अनुज्ञप्तीची मुदत संपताच जागा सोडावी लागते. न सोडल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून स्वाक्षरी करण्यापूर्वी आपला करार कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहून घ्यावे.

घरात किती माणसे?

घरमालक व भाडेकरू यांच्यात या प्रश्नावरून वारंवार खटके उडतात. भाडेकरूच्या घरी किती माणसांनी राहावे, याचा आकडा या अधिनियमात दिलेला नाही. कुटुंबात मूल जन्मले अथवा गावाहून वृद्ध आईवडील राहावयास आले, एवढ्यावरून जागा खाली करून मागण्याचे कारण या कायद्याने दिलेले नाही. परंतु संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे किंवा सबळ कारणाविना सहा महिने जागा न वापरणे, ही मात्र ताबा गमावण्याची कारणे ठरू शकतात. भाडेकरूच्या निधनसमयी त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयालाही कायद्याचे संरक्षण लाभते.

भाडे, दुरुस्ती आणि ताबा

कायदेशीर भाडे नियमितपणे देणाऱ्या व करारातील अटी पाळणाऱ्या भाडेकरूला कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज घराबाहेर काढता येत नाही. भाडे थकले तरी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस उलटल्याशिवाय त्या कारणास्तव दावा लावता येत नाही. पाणी वा वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणणे हे कायद्याला मान्य नाही.

घर सुस्थितीत राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

मालकाचे हितही कायद्याने सांभाळले आहे. त्याला दरसाल चार टक्के भाडेवाढ करता येते, तसेच पूर्वसूचना देऊन जागेची पाहणी करता येते. स्वतःच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी तो ताबा मागू शकतो. मात्र त्या वेळी अधिक हाल कोणाचे होतील, हे न्यायालय तपासून पाहते. असे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. जेथे असे न्यायालय नाही तेथे ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे जातात.

न्यायालयाची पायरी चढण्याची वेळच येऊ नये, हे उभयतांच्या हिताचे आहे. तोंडी शब्दावर विसंबून राहिलेल्यांना पुढे वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. घराची किल्ली हाती देण्यापूर्वी करार नोंदविला आणि दरमहा पावती दिली-घेतली, तर मालकाची वास्तू आणि भाडेकरूचा संसार ही दोन्ही सुरक्षित राहतील.