बटाट्याची खळ होऊ नये म्हणून

आयोडीनची परीक्षा आपण सगळेच वर्गात घेतो. बटाट्याची चकती, तिच्यावर आयोडीनचा थेंब, निळा-काळा रंग, वहीत निष्कर्ष, की तास संपला. असाच तास चालू असताना एका मुलीने आम्हाला विचारले, "आई लोणी-दूध घालून कुस्करलेला बटाटा करते. हाताने केला की छान मऊ होतो. पाहुणे येणार म्हणून मिक्सरमध्ये फिरवला, तर त्याची खळ झाली. असं का?" आम्ही सांगून टाकले, की बटाटे जास्त शिजले असतील. ती म्हणाली, "पण दोन्ही वेळचे बटाटे एकाच कुकरमधले होते." आमचे उत्तर तिथेच संपले. मग शोध घ्यावा लागला.

हा पदार्थ मूळचा युरोपातला, आणि तिथे तो तोंडीलावणे म्हणून खातात. आयर्लंडमध्ये त्यात कोबी मिसळतात, त्याला म्हणतात कोलकॅनन. कांद्याची पात घातली की चँप. हॉलंडमध्ये गाजर आणि कांदा बटाट्याबरोबरच उकडून कुस्करतात, तो हुत्स्पॉट. फ्रेंच लोक नुसतेच प्युरे म्हणतात. बटाटा युरोपात पोचला तो दक्षिण अमेरिकेतून, सोळाव्या शतकात. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि येताना नावही घेऊन आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बटाटा म्हणजे गच्च रचलेल्या पोत्यांचे गोदाम समजा. प्रत्येक पोते म्हणजे एक पेशी. पोत्यात पिष्टाचे (स्टार्चचे) कण भरलेले असतात आणि पोती एकमेकांना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटवलेली असतात. बटाटा तापू लागला, की साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व मऊ होतात. पेक्टिन मात्र इतक्या लवकर हार मानत नाही. ते सैल व्हायला पाणी उकळण्याच्या जवळ यावे लागते. ते सैल झाले, की पोती सुटी होतात, पण बहुतेक फाटत नाहीत. शिजलेले पिष्ट आतच राहते. हलक्या हाताने कुस्करलेला बटाटा म्हणजे अशा लाखो बंद पोत्यांचा ढीग. म्हणून तो जिभेला मऊ, किंचित रवाळ लागतो.

मिक्सरचे पाते पोती सुटी करीत नाही, कापते. आतले पिष्ट बाहेर सांडते आणि सगळा लगदा एकमेकाला चिकटतो. मैद्याची खळ करून आपण वहीला कव्हर चिकटवतो, तेच इथे ताटात होते. फार वेळ शिजवल्यानेही काही पेशी फाटतात, तेव्हा आमचे उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. त्या मुलीच्या प्रश्नाचे मात्र ते उत्तर नव्हते.

फ्रान्समध्ये झाँ माँतले यांनी १९३२ साली भाज्या गाळण्याची हातचक्की बाजारात आणली. मूठ फिरवली की उकडलेला बटाटा भोकांतून खाली दाबला जातो. ही चक्की पाहिली, तर तुम्ही म्हणाल, हे तर आपले पुरणयंत्र! खरेच तसे आहे. पुरणयंत्र नसेल, तर पिठाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने दाबले तरी चालते.

हे वर्गात दाखवता येते. एकाच बटाट्याचे दोन भाग करा. एक चाळणीतून दाबा, दुसरा मिक्सरमधून काढा. लोणी-दूध घालू नका. प्रत्येकी एक चमचा लगदा थंड पाण्याच्या वेगवेगळ्या ग्लासात हलकेच ढवळा, दहा मिनिटे ठेवा, आणि वरचे पाणी वेगळे काढून त्यात टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका. मिक्सरकडचे पाणी जास्त गडद होते. चाळणीकडच्या पाण्यालाही थोडा रंग येईल, कारण काही पेशी फाटणारच. तेव्हा रंग आला की नाही हे न विचारता किती आला ते विचारा. सूक्ष्मदर्शक असेल, तर चाळणीतला लगदा पाहाच. निळ्या रंगाने भरलेल्या अखंड पिशव्या दिसतात. (आयोडीन घातलेले काही खाऊ देऊ नका, हे सांगायला नकोच.)

पिठूळ, जास्त पिष्ट असलेल्या बटाट्यांच्या पेशी सहज सुटतात. चिवट नवे बटाटे जोर लावून कुस्करावे लागतात आणि मग पेशी फाटतात. ते रश्शालाच बरे. अमेरिकेत १९५० च्या दशकात सुक्या बटाट्याचे पापुद्रे तयार करताना एक युक्ती वापरली गेली: फोडी आधी सुमारे ७० अंशांच्या पाण्यात ठेवायच्या, मग गार करायच्या, आणि मग शिजवायच्या. कोमट-गरम पाण्यात बटाट्यातलेच एक विकर पेक्टिनमध्ये बदल घडवते, त्यामुळे कॅल्शियम पेक्टिनला बांधून ठेवते आणि पेशींच्या भिंती बळकट होतात. गार केल्यावर आतले पिष्टही आवळून घट्ट होते, आणि पुन्हा तापवले तरी पहिल्याइतके चिकट होत नाही.

घरी करताना लोणी आधी घालावे, दूध मागून, तेही गरम. गार दुधाने लगदा लगेच घट्ट होतो. उरलेला फ्रिजमध्ये ठेवलात, तर दुसऱ्या दिवशी त्याचे कटलेट बांधायला सोपे जातात.