सोबत हवी, पहारा नको

वृद्धाश्रमात दिवसातली सर्वांत अवघड वेळ दिवेलागणीची. डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार असलेली अनेक माणसे याच वेळी अस्वस्थ होतात. ‘मुलं शाळेतून आली का?’ असे विचारत दाराशी उभी राहतात, घरी जायचे म्हणून पिशवी भरतात. डॉक्टर याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. रमजानमध्ये नेमकी हीच इफ्तारची वेळ. गावात प्रत्येकाची पावले घराकडे वळलेली असतात.

भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आजार वाढला की पडू नये, रस्त्यावर निघून जाऊ नये, औषध चुकू नये म्हणून सतत कोणीतरी जवळ लागते. ऐपत असेल तर नातेवाईक त्यासाठी स्वतंत्र मावशी किंवा मामा ठेवतात आणि निर्धास्त होतात.

त्या म्हाताऱ्या माणसाला मात्र ही सोबत दोन तऱ्हांनी अनुभवाला येते. रात्री जाग आली की उशाशी ओळखीचा आवाज असणे, हा मोठा आधार. पण न्हाणीघराचे दार लावता न येणे, उठून उभे राहिले की ‘बसा, बसा’ ऐकणे, ही कैद वाटते. आयुष्यभर पहाटे चारला दुधाचे कॅन भरणारा माणूस चारलाच उठणार. त्याला दटावून झोपवले तर तो चिडतो. मग कागदावर नोंद होते, ‘पेशंट आक्रमक’. त्याच्या हाती रिकामा कॅन आणि फडके दिले, तर तो कदाचित शांतपणे पुसत बसेल.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात हाच आग्रह धरला: आधी माणूस पाहा, मग आजार. त्यासाठी तो माणूस माहीत असावा लागतो. आठवड्याला मावशी बदलत असेल, तर चोवीस तास कोणी असूनही ओळखीचे कोणीच नसते. मावशी टिकत नाही, कारण बारा तासांच्या पाळीत तिच्याही पाठीचे काटे ढिले होतात आणि पगार हाताशी पुरत नाही.

रमजानमध्ये ही परीक्षा आणखी कठीण होते. वार्धक्याने किंवा आजाराने ज्यांना झेपत नाही, त्यांना रोजाची सूट आहे. पुढेही रोजे ठेवता येणार नसतील, तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवू घालावे, त्याला फिदया म्हणतात. पण सत्तर वर्षे रोजे ठेवलेल्या आजीला हे आज सांगितले, तरी उद्या आठवत नाही. सकाळी गोळीबरोबर चहा दिला की ‘माझा रोजा मोडलात’ म्हणून ती रडते. इथे वाद घालून उपयोग नाही. जाणती मावशी औषध-जेवण वेळेवर देते आणि मगरिबच्या अजानला तिच्या डोक्यावर ओढणी नीट करून, डॉक्टरांना चालत असेल तर खजूर आणि पाणी हातात देते. शेजारच्या खोलीतल्या काकूंना त्याच वेळी देवापुढे दिवा लावायचा असतो. दोघींची दिवेलागण अशी सुखाची होते.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. छप्पर आणि खाट कायद्याने मिळू शकते. आजीला चहात साखर किती लागते, कोणत्या नावाने हाक मारली की ती वळून पाहते, अंधाराची भीती का वाटते, हे घरच्यांनाच सांगावे लागते.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन वृद्धाश्रमात जाणारे पुष्कळ असतात. ज्यांचे आपले माणूस तिथे आहे, त्यांनी डब्यासोबत या गोष्टी लिहिलेला एक कागदही मावशीच्या हाती द्यावा. आणि जमले तर भेटीची वेळ दुपारऐवजी दिवेलागणीची ठेवावी.