काटा खाली आला की : जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल प्रेशरचे निदान

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे जगणे धानावर अवलंबून आहे. रोवणीआधीची चिखलणी, दिवाळीनंतरची मळणी आणि राइस मिलपर्यंतची पोत्यांची वाहतूक या तिन्ही कामांचा भार आता मुख्यतः ट्रॅक्टरवर आहे. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी केली आणि तिने बी-२७५ हा डिझेल इंजिनाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. अशा जुन्या इंजिनांना हमखास गाठणारा विकार म्हणजे ऑइल प्रेशर, अर्थात वंगणाचा दाब, कमी होणे. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे शौकीन ज्या काट्याकडे सतत लक्ष ठेवून असतात, तोच काटा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरही असतो आणि दोन्हीकडे निदानाची रीत एकच आहे. मात्र ऐन हंगामात काटा खाली आला की घाईने इंजिन खोलले जाते, आणि पुष्कळदा दोष इंजिनाबाहेरच असल्याने तो खर्च अकारण होतो.

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे भांडे असते, त्याला मिस्त्री चेंबर म्हणतात. तिथले तेल जाळीतून ओढून ऑइल पंप ते फिल्टरमार्गे मुख्य तेलवाहिनीत ढकलतो आणि तेथून ते क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत, कनेक्टिंग रॉडपर्यंत व वरच्या रॉकरपर्यंत पोहोचते. बेअरिंगमधील तेलाचा थर नेमका काय करतो, याचा उलगडा ब्रिटिश अभियंता बोशाँ टॉवर यांच्या १८८३ च्या प्रयोगांतून झाला. बेअरिंगला पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले, ते थांबवण्यासाठी ठोकलेली खुंटीही बाहेर ढकलली गेली, आणि फिरणारा दांडा स्वतःच तेलाच्या थरात प्रचंड दाब निर्माण करतो हे त्यावरून ध्यानात आले. त्याची गणिती उपपत्ती ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडली. म्हणजे दांड्याचा भार तोलतो तो हा थर. पंपाच्या दाबाचे काम त्या थराला तेल कमी पडू न देण्याचे आहे. पुरवठा तुटला की थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो.

पंप फक्त तेल वाहते ठेवतो, दाब तयार होतो तो वाटेतल्या अडथळ्यामुळे. धानाच्या बांधीत मोटारीचे पाणी तितकेच पडत असले तरी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेकड्यांनी बिळे पाडली की पातळी चढत नाही. इंजिनातही बेअरिंग व दांडा यांच्यामधली फट वाढली की दाब टिकत नाही. नव्या इंजिनात ही फट साधारण ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर असते. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे फट दुप्पट झाली तर गळती सुमारे आठपट होते आणि वर्षानुवर्षे स्थिर राहिलेला काटा एखाद्या हंगामात झपाट्याने घसरलेला दिसतो.

तेलाचा दाटपणा हे दुसरे कारण होय. १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या श्रेणीचे तेल ४० अंश सेल्सियसला जितके दाट असते, त्याच्या साधारण एक सप्तमांश १०० अंशांना उरते. त्यामुळे सकाळी थंड इंजिनावर दिसणारा भरघोस दाब निदानाला निरुपयोगी ठरतो. खरे वाचन तासभर कामानंतर, तापलेल्या इंजिनावर घ्यावे लागते. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून यंत्र चालवतो, धानाचा भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकतो, इंजिन तापते आणि तेल पातळ होऊन दाब उतरतो. अशा वेळी रेडिएटर स्वच्छ करणे हाच उपाय असतो.

किती दाब पुरेसा, हे प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. १९६२ पासून बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारसाठी उत्पादकाने चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय आणि रिकाम्या गतीला, म्हणजे आयडलिंगला, १० ते २५ पीएसआय दाब सांगितला आहे. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पौंडांचा भार. असे सुमारे १४ पीएसआय मिळून दर चौरस सेंटिमीटरला एक किलो होतात. पुस्तिका हाताशी नसेल तर मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे किमान १० पीएसआय हा जुन्या कारागिरांचा ठोकताळा चालतो, मात्र मळणीची स्थिर गती आणि चिखलणीचा जड भार लक्षात घेता ट्रॅक्टरसाठी पुस्तिकेचाच आकडा प्रमाण मानावा.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत गेली पाहिजे. प्रथम ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी. पातळी कमी असली की धुरा ओलांडताना ट्रॅक्टर कलतो, तेल जाळीपासून दूर सरकते आणि काटा क्षणभर कोसळतो. पातळी वाढलेली दिसत असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर किंवा डिझेल पंपातून इंधन झिरपून तेल पातळ झालेले असते. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे. त्यानंतर काट्याचीच परीक्षा घ्यावी. इंजिनावरचा दाब मोजणारा सेंडर काढून त्याच आट्यांत नळीचे यांत्रिक गेज बसवावे, कारण सेंडर बिघडला किंवा तार सैल झाली तरी काटा खोटे सांगतो. काट्याऐवजी इशाऱ्याच्या दिव्याची सोय असलेल्या इंजिनात तर ही चाचणी अपरिहार्य आहे, कारण दाब अत्यंत कमी होईपर्यंत तो दिवा लागतच नाही.

यांत्रिक गेजनेही दाब कमीच दाखवला तर त्याची चाल पाहावी. गरम इंजिनात आयडलिंगला दाब पडत असेल पण गती वाढवताच चढत असेल, तर पातळ तेल किंवा झिजलेली बेअरिंग हा संशय बळावतो. सर्व गतींना दाब कमीच राहत असेल तर दोष बहुधा पंपात, तुंबलेल्या जाळीत किंवा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये असतो. जादा दाब सोडून देणारी ही स्प्रिंगची झडप आहे. तिच्यात कचऱ्याचा एक कण अडकला तरी ती उघडी राहते. काटा सतत थरथरत असेल तर पंपाच्या शोषणनळीच्या सांध्यातून हवा जात असावी. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात पसरावा : त्यावर तांबूस चमकदार कण दिसले तर बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून खालचा तांबेयुक्त थर उघडा पडलेला असतो. भाराखाली तळातून जड ठोका ऐकू येत असेल तर इंजिन लगेच बंद करावे. चेंबर उतरवून बेअरिंग पाहणे, क्रँक ग्राइंडिंग करून आतला व्यास ०.२५ मिलिमीटरने कमी असलेली बेअरिंग बसवणे हे काम या पायरीनंतर येते, तिच्याआधी नाही.

काटा वर आणण्यासाठी अधिक दाट तेल किंवा बाटलीतले द्रव्य ओतणे हा सर्वांत घातक उपाय होय. त्याने वाढलेली फट कमी होत नाही; उलट थंड इंजिन सुरू होताना दाट तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज वाढते, शिवाय मालकाला मिळणारी एकमेव पूर्वसूचना झाकली जाते. त्यापेक्षा दरवर्षी चिखलणीआधी आणि मळणीनंतर, गरम इंजिनावर, आयडलिंगच्या व कामाच्या गतीचे दोन आकडे वहीत नोंदवून ठेवावेत. दुरुस्ती सांगणाऱ्या मिस्त्रीलाही यांत्रिक गेजवरचे हेच दोन आकडे दाखवायला लावण्याचा मालकाला हक्क आहे. चार हंगामांच्या नोंदी समोर असल्या की काम केव्हा काढायचे हे उन्हाळ्यातच ठरवता येते, आणि कर्ज काढून घेतलेले यंत्र रोवणीच्या तोंडावर गॅरेजमध्ये अडकून पडत नाही.