‘सून जेवायला घालीत नाही!’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका खेड्यातून सत्तरी ओलांडलेल्या एका आजीबाईंना घेऊन भावकीतील चारजण माझ्याकडे आले. ‘साहेब, सून जेवायला घालीत नाही. माझ्या पाटल्याबी तिनंच नेल्या,’ आजीबाईंनी बसल्याबसल्या सांगितले. भावकीने माना डोलावल्या. पारावर बसून रोज हेच सांगत होत्या म्हणे. सून दाराशी खाली मान घालून उभी होती. मी तिला चांगले चार शब्द सुनावले, आजीबाईंना ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा रुग्ण बोलावला.

केसपेपरवर आजीबाईंचे वजन लिहिलेले होते. मागच्या वर्षीपेक्षा ते दोन किलोने जास्त होते. उपाशी राहणाऱ्याचे वजन वाढत नाही, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली नाही.

ही चूक मला कोणत्या वैद्यकीय ग्रंथाने नव्हे, एका जपानी कादंबरीने दाखवली. सावाको अरियोशी या लेखिकेची ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि जपानमध्ये लाखांनी खपली. ‘द ट्वायलाइट इयर्स’ या नावाने १९८४ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर आले. मुलाने आणून दिलेली ती प्रत मी दोन रात्रींत संपवली.

तीत अकिको नावाची नोकरी करणारी एक सून आहे. सासू अचानक वारते आणि मग ध्यानात येते की, चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासऱ्याला आपली बायको मेली हेदेखील उमगलेले नाही. स्वतःच्या मुलाला तो ओळखत नाही, चोर समजून घाबरतो. सुनेला मात्र ओळखतो. जिला त्याने जन्मभर टाकून बोलले तिलाच! जेवण होऊन हात वाळतो न वाळतो तोच पुन्हा भूक भूक करतो. घरातून निघून जातो आणि अकिको रस्त्याने त्याच्यामागे धावते. नवरा? नवरा कामात असतो. बापाकडे पाहिले की आपलेही असेच होणार म्हणून धास्तावतो, पण रात्री उठून बापाचे अंथरूण बदलीत नाही.

ते भुकेचे पान वाचले आणि मला त्या आजीबाई आठवल्या. जेवल्याचे स्मरणच पुसले गेले, तर माणूस खरेपणानेच सांगणार की मला जेवायला दिले नाही. आजीबाई खोटे बोलत नव्हत्या. सूनही खोटी नव्हती. पाटल्यांचेही तेच. वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवायची, ठेवल्याचे विसरायचे, मग सापडत नाही म्हणजे कोणीतरी नेली असणार. आणि ती कोण नेणार? जी दिवसभर जवळ वावरते ती! अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या बाईच्या आजाराचे पहिले वर्णन केले, तिच्या आजाराची सुरुवातही नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती.

आपल्या मराठीत म्हातारपण रंगभूमीवर आले ते बहुधा मुलांच्या कृतघ्नतेची कथा होऊन. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली आले. त्यात चोरीचा आळ म्हाताऱ्या आईबापावर येतो आणि प्रेक्षक हुंदके देतात. नाटक थोरच आहे. परंतु आम्हा लोकांच्या मनात त्याने आणि त्याच्या पाठोपाठच्या अनेक चित्रपटांनी एक साचा पक्का केला: म्हातारा रडतो आहे म्हणजे सून वाईट. आमच्या दवाखान्यात आळ उलट दिशेने येतो, पण साचा तोच राहतो. मीही त्याच साच्यातून न्याय केला होता.

हा साचा मोडणारा मराठी चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. संस्कृतचे गाढे विद्वान चक्रपाणी शास्त्री यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. मुलगी जरा दुकानात जाते आणि हे मोटारीतून उतरून एका हत्तीच्या मागे निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी ही भूमिका केली. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. माहुताची कानडी बोलणारी बायको या परक्या म्हाताऱ्याला लहान मुलासारखे सांभाळते. त्या कामासाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला शास्त्रीबुवा पूर्वी कोण होते हे ठाऊकच नाही, म्हणून तिला त्यांचे काही हरवले असे वाटत नाही. लेकीला मात्र क्षणोक्षणी वाटते. कोणी वाईट नसतानाही घर मोडकळीला येते, ते असे.

आता मी म्हाताऱ्या माणसाची तक्रार ऐकली की सुनेला वेगळे बसवून विचारतो: हे कधीपासून? रस्ता चुकतात का? तेच तेच विचारतात का? पैशाचा हिशेब जमतो का? मुलापेक्षा तिचे उत्तर नेमके असते. वाचकांनीही ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून गप्प बसू नये. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मनाची खिन्नता, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त यांनीही विसरभोळेपणा येतो आणि वेळीच ओळखला तर पुष्कळदा उतरतो. दोन-चार दिवसांतच एकाएकी भ्रम झाला, तर लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियम कमी होणे असे कारण असू शकते. तेव्हा थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. खऱ्या स्मृतिभ्रंशावर रोग मुळातून काढणारे औषध नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तेथे तपासून घ्यावे. आणि म्हाताऱ्याशी ‘आत्ताच तर जेवलात’ म्हणून वाद घालू नये. घासभर काहीतरी हातावर ठेवावे.

त्या आजीबाईंना मी पुन्हा बोलावून घेतले. भावकीला समोर बसवून वजनाचे आकडे दाखवले, माझी चूकही सांगितली. पाटल्या ज्वारीच्या कणगीत निघाल्या. पण खरा पेच पुढेच होता. दसरा झाला की हे घर ऊसतोडीला जाणार. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. सून मागे राहिली तर कोयता अर्धा आणि आजीबाई मागे राहिल्या तर त्यांच्याजवळ शाळकरी नातवंडे. गावोगावी हीच स्थिती आहे. आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे कारखान्यांवर जातात, मागे म्हातारी आणि पोरे उरतात. जपानने २००० साली वृद्धांच्या शुश्रूषेसाठी विमा सुरू केला. आमच्याकडे शेजारीण आहे.

शेवटी त्यांनी आजीबाईंना बरोबर नेले. जागा बदलली की असे रुग्ण अधिक गोंधळतात, हे मी सांगितले होते. दुसरा उपाय मलाही सुचला नाही. आजीबाईंच्या हातावर नाव गोंदलेले होतेच. सुनेने पोलक्याच्या आत कापडाच्या तुकड्यावर गाव आणि मोबाईल नंबर टाचला. टोळीतील एक गरोदर बाई कोपीवर थांबत असे, ती लक्ष ठेवी. एकदा आजीबाई उसाच्या फडात शिरल्या, ट्रॅक्टरवाल्याने आणून सोडले.

पाडव्यानंतर दोघी दवाखान्यात आल्या. आजीबाईंनी मला ओळखले नाही. सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘ही मला जेवायला घालीत नाही.’

सुनेने पदराची गाठ सोडली, भाकरीचा चतकोर काढला आणि त्यांच्या हातात दिला.